दोन केबिनी आणि ४३२ डॉलर: क्रूझवरील ‘ऐच्छिक’ बक्षिसीचे एक प्रकरण

दादरच्या आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात शनिवारी दुपारी जी मंडळी येतात, त्यांच्या पिशवीत बहुधा बिल्डरचा करारनामा, विम्याचा नाकारलेला दावा किंवा ऑनलाइन मागवलेल्या वस्तूची पावती असते. २०२५ च्या जूनमध्ये मुलुंडचे एक निवृत्त बँक अधिकारी आले, ते मात्र एका परदेशी क्रूझ कंपनीच्या बिलाची छापील प्रत घेऊन, ओळीओळीवर पेन्सिलीने खुणा करून. बिलात त्यांच्याकडून जास्त घेतलेली रक्कम एकही नव्हती. ज्या रकमेबद्दल त्यांना बोलायचे होते, ती जहाजावरच्या कामगारांसाठीची बक्षिसी कंपनीने त्यांच्याच सांगण्यावरून आधीच वजा केली होती. तरीही त्यांना दोन गोष्टी विचारायच्या होत्या. ही रक्कम बुकिंगच्या वेळी आपल्यापासून लपवली गेली, त्याबद्दल एजंटला जबाबदार धरता येईल का, हा पहिला प्रश्न. ती काढून घेऊन आपण कोणाच्या पगारावर तर गदा आणली नाही ना, हा दुसरा. एजंट दोषी ठरला की आपण आपोआप निर्दोष ठरतो, अशी त्यांची समजूत दिसली, आणि बोलता बोलता ती त्यांची त्यांनाच पटेनाशी होत चालली होती.

कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडत आहे. व्यक्तींची, कंपनीची आणि एजंटची नावे वगळली आहेत.

प्रवास

तक्रारदार, त्यांच्या पत्नी, मुलगा, सून आणि चौदा व नऊ वर्षांचे दोन नातू अशी सहा माणसे मे महिन्याच्या सुट्टीत सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या सफरीला गेली होती. एजंटने व्हॉट्सॲपवर एका पानाचे दरपत्रक पाठवले होते. त्यात दोन केबिनींचे मिळून ३,६०,००० रुपये, ‘सर्व कर व बंदर शुल्कासह’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते आणि खाली जेवण, नाश्ता, करमणुकीचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव या सगळ्यापुढे ‘समाविष्ट’ असा शिक्का होता. विमानभाडे वेगळे होते आणि ते तसे स्पष्ट लिहिलेलेही होते. पैसे एजंटच्या संकेतस्थळावर भरल्यानंतर नऊ पानांच्या अटी ईमेलने आल्या. सातव्या पानावर ‘ग्रॅच्युइटी (म्हणजे बक्षिसी) जहाजावर कंपनीच्या दराने देय’ एवढेच एक वाक्य होते. दर किती, माणशी की केबिनमागे, मुलांना लागू की नाही, यातले काहीही नव्हते. ते पान कोणी वाचले नाही, हे तक्रारदारांनी स्वतःहून कबूल केले. ‘बत्तीस वर्षे लोकांना सांगत आलो, कागद वाचून सही करा म्हणून,’ असे म्हणून ते हसले.

जहाजावर रोख व्यवहार नसतो. चढताना क्रेडिट कार्ड नोंदवून घेतात, प्रत्येकाला एक ओळखपत्रवजा कार्ड देतात आणि जो काही खर्च होईल तो केबिनच्या खात्यावर चढत जातो. तिसऱ्या रात्री मुलाने केबिनमधल्या टीव्हीवर ते खाते उघडून पाहिले, तेव्हा बक्षिसीच्या नावाने ३२४ डॉलरची एक रक्कम कोणतीही खरेदी न करता चढलेली दिसली. दर माणशी, दर दिवशी १८ डॉलर, सहा माणसांचे रोजचे १०८. चौथ्या दिवसाचे धरून एकूण ४३२ डॉलर होणार होते. नऊ वर्षांच्या नातवाचेही १८, आजोबांचेही १८. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर ही रक्कम ३६,७२० रुपये होते; त्यावर बँकेचा साडेतीन टक्के परकीय चलन आकार आणि त्या आकारावर अठरा टक्के जीएसटी धरल्यास ३८,००० च्या वर जाते. म्हणजे तिकिटाच्या दहाव्या हिश्शाहून थोडी जास्त.

आणखी एक बारीक गोष्ट पेन्सिलीच्या खुणांमध्ये होती. मुलांसाठी घेतलेल्या सरबतांवर आणि मॉकटेलवर १८ टक्के सेवा आकार आधीच लावलेला होता, आणि तरीही सहीसाठी येणाऱ्या पावतीवर ‘अधिक टीप’ अशी एक मोकळी ओळ ठेवलेली होती. रिकामी जागा भरायचीच असते या शाळकरी शिस्तीने मुलाने दर वेळी तेथे दोन-दोन डॉलर लिहिले होते. एकाच पेल्यावर तीन प्रकारची बक्षिसी: रोजची माणशी ठरावीक, पेयावरची टक्केवारी आणि हाताने लिहिलेली. यातल्या तिसऱ्या प्रकाराबद्दल तक्रारदारांना सर्वांत जास्त राग होता, पण ती रक्कम जेमतेम सोळा डॉलर होती आणि तिच्यावर सही त्यांच्याच मुलाची होती. त्यामुळे तो विषय तेथेच सोडून दिला.

शेवटच्या रात्री तक्रारदार पाहुण्यांच्या मदत काउंटरवर गेले. रांग लांब होती. वाद घालावा लागेल अशा तयारीने त्यांनी दरपत्रकाची प्रतही सोबत नेली होती. पण काउंटरवरच्या मुलीने एक छोटा फॉर्म पुढे केला, कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘आधी सांगितले नव्हते’ असे लिहिले आणि दहा मिनिटांत ४३२ डॉलर दोन्ही केबिनींच्या खात्यांवरून उतरले. कोणी मॅनेजर आला नाही, कोणी समजावले नाही.

त्यांच्या पत्नीला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळले, आणि खरे प्रकरण तेथून सुरू झाले. त्यांची केबिन आवरणारा मुलगा देवगडचा होता. पहिल्याच दिवशी ‘काकू, पाणी ठेवलंय’ हे मराठी शब्द कानावर पडल्यापासून त्यांची रोज त्याच्याशी पाच मिनिटे बोलणी होत होती. आठ महिन्यांचा करार आहे, सातवा सुरू आहे, घरी कलमे आहेत पण यंदा आंबा कमी आला, एवढे सगळे त्यांना ठाऊक होते. ‘त्याचे पैसे तुम्ही कसे काढलेत?’ असा त्यांचा प्रश्न होता. त्यावर तक्रारदारांनी उतरण्यापूर्वी एका पाकिटात पन्नास डॉलर घालून त्या मुलाच्या हातात दिले आणि जेवणाच्या टेबलावरच्या वाढप्याला वीस. मुलगा म्हणाला, ‘काका, कशाला?’ आणि पाकीट घेतले. यात सर्व मिटले असे तक्रारदारांना वाटले होते. मुंबईत परतल्यावर त्यांना कोणी तरी सांगितले की पाकीट त्या मुलाजवळ राहिले असेलच असे नाही, आणि म्हणून ते आमच्याकडे आले.

हा पैसा नेमका कोणाचा

क्रूझवरची बक्षिसी पूर्वी पाकिटातच दिली जात असे. सफरीच्या शेवटच्या रात्री केबिन सांभाळणारा, टेबलावरचा वाढपी, त्याचा मदतनीस आणि भोजनगृहाचा मुख्य यांना प्रवासी स्वतः पाकिटे देत. त्या वेळी प्रत्येक कुटुंबाचे जेवणाचे टेबल आणि वेळ ठरलेली असे. आठवडाभर तोच वाढपी वाढत असल्याने कोणाला किती द्यायचे हे ठरवणे सोपे होते. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ नावाने हवे तेथे, हवे तेव्हा जेवण्याची पद्धत आणली, पुढे इतरांनीही आपापल्या परीने तशी मोकळीक दिली, आणि वाढपी व प्रवासी यांची गाठ सुटली. रोज वेगळे भोजनगृह आणि रोज वेगळा वाढपी असेल तर पाकीट कोणाला देणार? त्यातून माणशी ठरावीक रक्कम रोज खात्यावर टाकण्याची रीत रुळली. आज मोठ्या कंपन्यांत ती सर्वसाधारण आहे. उदाहरणादाखल सांगायचे तर रॉयल कॅरिबियनने २०२५ पर्यंत साध्या केबिनसाठी दिवसाला माणशी १८.५० डॉलर आणि ‘स्वीट’ म्हणजे मोठ्या, महागड्या केबिनसाठी २१ डॉलर असा दर केला होता. कार्निव्हलने २०२३ च्या एप्रिलपासून तो १६ आणि १८ डॉलर केला होता.

ही रक्कम एका हातात पडत नाही. ती सामायिक गल्ल्यात जाते आणि ठरलेल्या वाट्यांनुसार केबिन सांभाळणारे, वाढपी, मदतनीस, आणि कंपनीगणिक कमीअधिक प्रमाणात, प्रवाशांना कधीच न दिसणारे कामगार यांच्यात वाटली जाते. मुंबईकराला ही कल्पना नवी नाही. आपल्याकडच्या बऱ्याच खाणावळींत गल्ल्याशेजारी टीपचा डबा असतो आणि रात्री शटर ओढल्यावर तो फोडून वाढप्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सर्वांत वाटला जातो. माझ्या परिचयातील एक गृहस्थ रत्नागिरीकडचे आहेत, अकरा वर्षे निरनिराळ्या जहाजांवर केबिनी सांभाळून सध्या दोन करारांच्या मधल्या सुट्टीत घरी आहेत. त्यांना मी हे प्रकरण सांगितले तेव्हा त्यांनी प्रथम त्या डब्याचीच आठवण काढली. ते म्हणाले, ‘मला कोणी पन्नास डॉलर दिले तर बरंच वाटतं हो. पण माझ्या सेक्शनच्या चादरी खाली लाँड्रीत जो धुतो, त्याला सहा-सहा महिने कोणी पॅसेंजर बघत पण नाही. त्याचा वाटा त्या रोजच्या पैशात.’

पाकिटाबद्दलची शंकाही त्यांनी फेडली. काही कंपन्यांचा नियम असा आहे की ज्या प्रवाशाने खात्यावरची रक्कम ठेवली आहे, त्याने वर दिलेली रोख रक्कम कामगाराची स्वतःची. पण ज्याने खात्यावरची काढून घेतली आहे, त्याच्याकडून आलेली रोख रक्कम कामगाराने गल्ल्यात जमा केली पाहिजे. नियमामागचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे: तसे नसेल तर प्रत्येक जण आपल्या प्रवाशाला ‘खात्यावरचे काढा आणि मला हातात द्या’ असे सुचवील आणि लाँड्रीतला माणूस कोरडा राहील. तक्रारदारांच्या जहाजावर असाच नियम होता की नाही, हे कंपनीच्या प्रवासी अटींत लिहिलेले नव्हते. असेल, तर देवगडच्या मुलाच्या हातात दिलेले पन्नास डॉलर गल्ल्यात गेले असतील, आणि त्याने ते जमा करणे हे प्रामाणिकपणाचेच झाले असते.

आता पगाराकडे वळतो, कारण येथे गोष्ट वाटते त्याहून गुंतागुंतीची आहे. जहाजावरच्या हॉटेल विभागातील अनेक करारांत मूळ पगार लहान असतो आणि त्याच्या जोडीला ‘इतके तरी मिळेलच’ अशी एक हमीची रक्कम असते. गल्ल्यातून मिळणारा वाटा प्रथम या हमीत मोजला जातो. हिशेब समजण्यासाठी सोपे आकडे धरू. मूळ पगार ३०० डॉलर, हमी १,००० डॉलर. एखाद्या महिन्यात गल्ल्याचा वाटा ८०० आला, तर कामगाराला १,१०० मिळतात. प्रवाशांनी रकमा काढून घेतल्याने तो वाटा ७५० झाला, तर १,०५० मिळतात आणि पन्नासचा तोटा पूर्णपणे कामगाराचा. पण वाटा मुळातच ६०० असेल, तर ९०० वर आणखी १०० कंपनीला आपल्या खिशातून घालावे लागतात, आणि तो वाटा आणखी घटला तर ती घट कंपनीच भरते. म्हणजे एकाच फॉर्मवरच्या एकाच सहीचा भार चांगल्या महिन्यात कामगारावर आणि वाईट महिन्यात कंपनीवर पडतो. महिना कोणता चालू आहे हे काउंटरसमोर उभ्या असलेल्या प्रवाशाला कळण्याचा काहीही मार्ग नाही. मे महिना आणि मुलांच्या सुट्ट्या ध्यानात घेतल्या, तर जहाज भरलेले असावे आणि तोटा कामगारांच्याच वाट्याला आला असावा, असा माझा तर्क आहे. अर्थात, ४३२ डॉलर काहीशे माणसांत विभागले तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम डॉलरभर येईल. देवगडच्या मुलाचा पगार या एका कुटुंबाने बुडवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. माझ्या परिचयातल्या गृहस्थांना भीती असते ती एका कुटुंबाची नसून रांगेची: ‘ग्रुपमधल्या एकाने काढले आणि नाश्त्याला सांगितले, की दुपारपर्यंत पंचवीस जण काउंटरवर.’

येथे कायद्याचे संरक्षण किती, हेही पाहायला हवे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६ चा सागरी कामगार करार ऑगस्ट २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. या करारानुसार जहाजावर कोणत्याही कामासाठी नेमलेला माणूस खलाशीच मानला जातो. त्यामुळे चादरी बदलणारा, भांडी विसळणारा, वाढणारा हे सगळे त्याच्या कक्षेत येतात. दर महिन्याला पगार आणि पगाराचा लेखी हिशेब, चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती, हे हक्क त्यांना आहेत. पण त्याच संघटनेच्या व्यासपीठावर ठरणारे किमान मूळ वेतन, जे जानेवारी २०२५ पासून महिना ६७३ डॉलर होते, ते डेकवरच्या अनुभवी खलाशासाठी ठरवलेले आहे. हॉटेल विभागाचा पगार कंपनी, कामगार संघटना आणि करार यांच्यावर सोडलेला आहे. आणि देवगडचा हा मुलगा जहाजावर पोहोचला तोही काही फुकट नाही. नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या भरती एजन्सीला उमेदवाराकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेता येत नाहीत, हे खरे. पण सुरक्षेचे अभ्यासक्रम, सीडीसीचे (खलाशाच्या नोंदणी-पुस्तकाचे) कागद आणि मुंबईतले राहणे-खाणे यांना पैसे लागतातच. त्या खर्चाचा हिशेब तो दर महिन्याच्या स्लिपकडे पाहून मांडत असतो.

सूनबाई पवईच्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करतात. त्यांनी विचारलेला प्रश्न मला सर्वांत नेमका वाटला: हा पगाराचाच भाग असेल, तर तो तिकिटात का धरत नाहीत? कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. जाहिरातीतला आकडा दहा टक्क्यांनी लहान दिसतो. एजंटची दलाली सर्वसाधारणपणे मूळ भाड्यावर मोजली जाते, त्यामुळे बाहेर ठेवलेल्या रकमेवर ती द्यावी लागत नाही. शिवाय जहाज अर्धे रिकामे गेले तर गल्ला आपोआप अर्धा होतो, म्हणजे हमीच्या वरच्या भागापुरती तरी धंद्यातली जोखीम कामगाराकडे सरकते. तिकिटात धरणे अशक्य आहे, असे मात्र नाही. ब्रिटनमधील पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून ही रोजची रक्कम बंद करून ती भाड्यातच सामावून घेतली, आणि ऑस्ट्रेलियातील प्रवाशांसाठीही काही कंपन्या असेच करतात.

तक्रारदारांना हे पटावे म्हणून मी त्यांना त्यांच्या मुलुंडच्या सोसायटीचे उदाहरण दिले. दिवाळीत वॉचमनला, सफाई कामगाराला, पेपर टाकणाऱ्या मुलाला आपण पोस्त देतो. कोणी शंभर देतो, कोणी पाचशे, कोणी दार उघडत नाही. ती आपली मर्जी, आणि वॉचमनचा पगार तिच्यावर अवलंबून नसतो, कारण तो मेंटेनन्समधून जातो. समजा, सेक्रेटरीने मेंटेनन्सच्या बिलातून वॉचमनचा पगार बाहेर काढला, ‘पोस्त (ऐच्छिक)’ अशा नावाने वेगळ्या ओळीत टाकला आणि ज्याला नको असेल त्याने ऑफिसात येऊन फॉर्म भरावा अशी सूचना फळ्यावर लावली. बिल छोटे दिसेल. फॉर्म भरणारेही निघतील, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून सेक्रेटरी वॉचमनला सांगेल की बाबा रे, सभासदच देत नाहीत. क्रूझ कंपनीने नेमके हेच केलेले आहे. प्रवाशाला ती सांगते की हे तुमच्या मर्जीचे आहे. कामगाराच्या करारात तीच रक्कम कमाई म्हणून मोजते. तक्रारदारांची तक्रार विकणाऱ्याशी होती आणि वसुली मात्र कामगाराकडून झाली, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मान्य केले असे म्हणवत नाही.

कायद्याच्या बाजूने

तक्रारदारांच्या मुलाने वेगळा मुद्दा काढला होता. हॉटेलांतील सर्व्हिस चार्ज बेकायदा ठरला आहे ना, मग हा कसा चालतो? त्याने वाचलेली बातमी खरी होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून हॉटेल-रेस्टॉरंटांना बिलात आपोआप सेवा आकार लावण्यास मनाई केली, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना वैध ठरवल्या. पण सिंगापूरहून सुटलेल्या परदेशी झेंड्याच्या जहाजावर, परक्या समुद्रात, परदेशी कंपनीने केलेली आकारणी या सूचनांच्या आवाक्यात येत नाही. तेथे जहाजाच्या झेंड्याचा देश आणि तिकिटाच्या अटी यांना महत्त्व येते. शिवाय येथे रक्कम काढून मिळालीच होती, त्यामुळे कंपनीविरुद्ध मागण्यासारखे फारसे उरले नव्हते.

एजंटची गोष्ट निराळी. त्याचे दुकान दादरला, पैसे रुपयांत, व्यवहार मुंबईत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. त्यातच ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक सूचना आल्या असून त्यांत किमतीचा काही भाग सुरुवातीला न दाखवता पुढे थेंबाथेंबाने उघड करणे ही अनुचित रीत म्हणून नोंदलेली आहे. ‘सर्व कर व बंदर शुल्कासह’ असे ठळक लिहून माणशी रोजच्या १८ डॉलरबद्दल मौन पाळणे आणि पैसे घेतल्यावर सातव्या पानावर दराशिवाय उल्लेख करणे, हे त्या वर्णनात बसते असे आमचे मत झाले.

एजंटचा बचाव काय असेल हेही आम्ही आधी ओळखले होते: रक्कम ऐच्छिक आहे, म्हणून ती किंमत नाही, म्हणून दाखवण्याचे बंधन नाही. हा बचाव फक्त दादरचा नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून जाहिरातीतच पूर्ण किंमत दाखवण्याचा कायदा लागू झाला, तेव्हा अनेक मोठ्या क्रूझ कंपन्या कर आणि बंदर शुल्क धरून दर दाखवू लागल्या. रोजची बक्षिसी मात्र ऐच्छिक म्हणून बाहेरच राहिली. त्यामुळे आम्ही युक्तिवाद थोडा वळवला. रक्कम ऐच्छिक असेल, तर ती ग्राहकाने मागितल्यावर लागायला हवी. न मागता लागते, न लागावी म्हणून रांगेत उभे राहून फॉर्म भरावा लागतो, आणि तो कोठे भरायचा हे कोणी सांगत नाही. अशी रक्कम व्यवहारात किंमतच असते आणि विकणाऱ्याला ती माहीत असते. एजंटला ती माहीत होती याचा पुरावाही मिळाला: त्याच्या संकेतस्थळावर त्याच सफरीसाठी बक्षिसी आगाऊ भरण्याची सोय होती, पण आमच्या तक्रारदारांना ती सुचवली गेली नव्हती.

पुढे काय झाले

नोटीस पाठवण्यापूर्वी आम्ही एजंटला साधे पत्र लिहिले. त्यात परतावा मागितला नाही, कारण ज्या रकमेचा भरणाच झाला नाही तिचा परतावा मागणे हास्यास्पद झाले असते. मागणी एवढीच केली की बुकिंगच्या वेळी घेतलेले ४,५०० रुपयांचे सेवाशुल्क परत करावे, कारण जी माहिती देणे हीच त्याची सेवा होती ती त्याने दिली नाही, आणि यापुढे दरपत्रकाच्या पहिल्याच पानावर रोजची रक्कम माणशी, मुलांसह, रुपयांत लिहावी. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर बारा दिवसांनी फोन आला. सेवाशुल्क परत मिळाले. दरपत्रकात आता एक ओळ वाढली आहे. ती पहिल्या पानावर आहे, पण तळाशी आणि राखाडी अक्षरांत. तक्रारदारांनी तेही पेन्सिलीने खूण करून मला आणून दाखवले.

दुसऱ्या प्रश्नाचे काम एवढे सरळ नव्हते. तक्रारदारांनी कंपनीला ईमेल लिहून ४३२ डॉलर पुन्हा खात्यावर लावून घ्यावेत अशी विनंती केली. ग्राहक केंद्रात इतकी वर्षे बसून मी कोणाला बिल वाढवून मागताना पाहिले नव्हते. उत्तर विनम्र होते आणि नकाराचे होते: सफरीचा हिशेब बंद झाला आहे आणि बंद खाते उघडता येत नाही. देवगडच्या मुलाला परस्पर पैसे पाठवण्याचा त्यांच्या पत्नीचा विचार होता, पण कामगारांना प्रवाशांशी खाजगी देवाणघेवाण करण्याबाबत कंपन्यांचे नियम कडक असतात आणि करार संपत आलेल्या मुलाला त्यात अडकवणे बरे नव्हे, असे रत्नागिरीच्या गृहस्थांनी बजावले. त्यांनीच मग एक उपाय सांगितला. सफर संपल्यावर कंपनी प्रवाशांना अभिप्रायाचा फॉर्म पाठवते, आणि त्यात नावानिशी झालेले कौतुक कामगाराच्या नोंदीत जाते. पुढच्या कराराच्या आणि बढतीच्या वेळी ते पाहिले जाते. ‘आमच्याकडे त्याला किंमत आहे,’ असे ते म्हणाले.

फॉर्म तक्रारदारांच्या ईमेलमध्ये न उघडता पडून होता. तो भरण्यासाठी दोघे नवरा-बायको पुढच्या शनिवारी केंद्रातच आले, कारण प्रश्न इंग्रजीत होते आणि मुलगा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी गेला होता, असे कारण त्यांनी दिले. बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ते कारण शोभत नव्हते, पण मी काही बोललो नाही. ‘कर्मचाऱ्याचे नाव’ या रकान्यापाशी दोघेही थांबले. देवगडच्या मुलाच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होते आणि नावाखाली देश होता, हे तक्रारदारांना आठवत होते. नाव आठवत नव्हते. त्यांच्या पत्नीला गाव, कलमे, धाकटी बहीण बारावीला आहे हे सगळे माहीत होते, पण त्या त्याला चारही दिवस ‘बाळा’ म्हणत आल्या होत्या. शेवटी त्या रकान्यात केबिनचा क्रमांक आणि चार तारखा लिहिल्या, खाली ‘देवगडचा’ असे इंग्रजी अक्षरांत घातले, आणि फॉर्म पाठवला.